बाहेरचा कॉक

जयश्रीने दार ढकललं तेव्हा हिलालच्या उजव्या हातात आगकाडी होती, डाव्या हातात पेटी, आणि तो काडी ओढणारच होता. समोरच्या खोलीतली ही बाई एरवी त्याच्यासमोर पदर सावरून बोलणारी. तिने धावत येऊन त्याचं मनगट धरलं, काडी हिसकून घेतली आणि ओट्याकडे झेपावली. "आबा! गॅस चालू शे ना!" बटण बंद झालं, खिडकी धाडकन उघडली, पंख्याच्या बटणाकडे गेलेला तिचा हात मध्येच मागे आला. मग ती दारात उभी राहून पदर नाकाला लावून दम घेऊ लागली आणि तिचे डोळे पाण्याने भरले. हिलालने शेगडीकडे पाहिलं. दूध उतू जाऊन बर्नरवर सांडलं होतं, ज्योत विझली होती. त्याने कानूसाठी दूध ठेवलं होतं, पेपर उघडला होता, सुरतच्या पानावरच्या दोन बातम्या वाचल्या होत्या, आणि मग गेलेल्या बायकोच्या, भागीरथीच्या, फोटोपुढे उदबत्ती लावायला उठला होता. किती वेळ झाला असेल? दहा मिनिटं? वीस? ओट्यापासून चार पावलांवर, जमिनीवरच्या गोधडीत, त्याची साडेतीन वर्षांची नात कानू तोंड उघडं टाकून झोपली होती. "तुमले वास नही ऊना का, आबा?" जयश्रीने विचारलं. "डोळा लागना व्हता," हिलाल म्हणाला. उभ्या माणसाचा, हातात काडी धरलेल्या माणसाचा डोळा कसा लागतो, हे तिने विचारलं नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि कानूला गोधडीसकट उचलून गॅलरीत नेलं.

भीती नंतर आली. जयश्री कानूला परत झोपवून गेली, खोली पुन्हा नेहमीची झाली. हिलाल ओट्याला पाठ लावून खाली बसला. काडीपेटी त्याने खिशात ठेवली, खिशातून काढून फळीवर ठेवली, फळीवरून उचलून मोरीतल्या बादलीत बुडवली. भिजलेल्या काड्या पाण्यावर तरंगायला लागल्या. त्याने मुद्दाम खोल श्वास घेतला, एकदा, दोनदा. हवा थंड होती, एवढंच कळलं. ती हवा चांगली होती की वाईट, उरलेला गॅस अजून खाली जमिनीलगत होता की गेला होता, हे त्याला जगातली कोणतीही शक्ती सांगू शकणार नव्हती. सिलिंडरचा गॅस जड असतो, खाली बसतो, असं त्याच्या मुलाने, वाल्मिकनेच, परवा वाचून दाखवलं होतं. म्हणजे आधी तो गोधडीवर बसला असणार. आधी कानूच्या तोंडात गेला असणार. हिलाल रांगत गोधडीपाशी गेला आणि तिच्या छातीवर हात ठेवून बसला. छाती वरखाली होत होती. तरी त्याने हात काढला नाही. ती जागी झाली तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते असं: "आबा, वास ई ऱ्हायना." "कसाना वास, माय?" "दूधना," कानू म्हणाली, "जळेल दूधना." एवढंसं पोर, आणि तिला कळतं.

नाक गेलं त्याला अकरा वर्षं झाली होती. कुठल्या दिवशी गेलं ते सांगता येणार नाही, कारण ते एका दिवशी गेलंच नाही. सुरतजवळच्या सचिन गावात, कापड रंगवायच्या डाइंग गिरणीत, जेट मशीनचं झाकण उघडलं की हायड्रोचा आणि ॲसिडचा वाफारा तोंडावर यायचा. नवी पोरं कोपऱ्यात जाऊन ओकायची, पहिल्याच आठवड्यात पळून जायची. जी टिकायची ती तोंडाला रुमाल बांधायची, आणि जी जुनी झाली ती रुमालही काढून ठेवायची. हिलालने रुमाल काढला तेव्हा कलर मास्टरने त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "नाक मरी जाय पछी ज कारीगर पाको थाय," तो हसून म्हणाला होता, नाक मेलं की मगच कारागीर पक्का, आणि त्या महिन्यापासून हिलालला टाकीवरून उचलून रंगांच्या शेड जुळवायला बसवलं होतं. ती बढती होती. त्याने घरी पेढे आणले होते. टाकीपाशी बसून भाजीभाकरी खाणारे ते सगळे पक्के कारागीर एकमेकांच्या नाकांची थट्टा करायचे, कुणाचं जास्त मेलं यावर पैजा लावायचे, आणि त्यांच्यापैकी एकालाही असं वाटलं नव्हतं की हे नाक आपल्याला गिरणीच्या बाहेरही लागतं. डोळा मात्र त्याचा असा की निळ्यातला निळा वेगळा काढावा. मोरपिशीच्या नऊ शेड तो खिडकीच्या उजेडात नुसत्या पाहून सांगायचा. आणि दुसरी एक गोष्ट तिथे शिकला ती ओठ वाचण्याची. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं कानाला येत नसे. सगळे मोठे मोठे ओठ हलवत आवाजाशिवाय बोलायचे आणि पलीकडच्या माणसाला सगळं समजायचं.

फक्त भागीरथीला त्याने हे सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे तिने पकडलं होतं. एकदा रॉकेल सांडलेला सदरा घालून तो लग्नाला निघाला तेव्हा ती दारात आडवी झाली, "तुम्हनं नाक कोठे ठेवी उनात?" म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून गप्प झाली. त्या दिवसापासून तीच त्याचं नाक. पंगतीत समोर बसून ती ओठांनी सांगायची: छान शे. करपनं शे. आंबनं शे, खाऊ नका. आणि तो लगेच बोलायचा, "वा, काय फोडणी पडनी!" लोकांना वाटायचं, हिलालसारखा खवय्या नाही. पोराला कळलं नाही, सुनेला कळलं नाही, निदान त्याची तशी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी भागीरथी तापाने गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी, माणसं पांगल्यावर, त्याने उरलेली आमटी गरम करून खाल्ली आणि दुपारी पोट धरून बसला. तेव्हा तो खरा रडला. इतकी वर्षं तिने काय केलं होतं ते त्याला त्या दुपारी कळलं.

मग सांगून का टाकलं नाही? हा प्रश्न तो स्वतःला सकाळपासून विचारत होता आणि दर वेळी तेच उत्तर येत होतं. वाल्मिक कापड मार्केटात पार्सल बांधायला जातो, सून धनश्री एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात. दोघं साडेआठला जातात ते सातला येतात. कानू त्याच्यापाशी असते. शिरपूरजवळ गावी त्याचा भाऊ सुकदेव आहे, एक खोली रिकामी आहे, आणि मागे एकदा वाल्मिक सहज बोलून गेला होता की कानू शाळेत जायला लागली म्हणजे आबांनी गावी आराम करायला हरकत नाही. आराम! त्या खोलीत बाजेवर पडून पत्र्याकडे बघायचं आणि जेवायची हाक येईपर्यंत दिवस मोजायचे. तोंडातून एक शब्द निघाला की हे नक्की. आणि शब्द नाही निघाला तर? ओल्या काड्या बादलीत तरंगत होत्या. दोन्हीकडून भीती होती आणि त्याला दोन्ही तितक्याच खऱ्या वाटत होत्या. एकीचा त्याला संताप यायचा, कारण ती आपल्यासाठी होती. कानू मेली असती, आणि हा माणूस गावच्या खोलीचा विचार करतोय. तो स्वतःलाच शिवी देऊन उठला.

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली वाल्मिकचा कागद होता. गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. सिलिंडर सोडून पाइपलाइनचा गॅस घ्यायचा का? गल्लीत पाइप येऊन पडले होते, समोरच्या जयश्रीकडे दिवाळीतच लागला होता. कागदावर मधोमध रेघ, डावीकडे सिलिंडर, उजवीकडे पाइपलाइन. सिलिंडर किलोवर आणि पाइपलाइन मीटरवर, त्यामुळे वाल्मिकची पंचाईत झाली होती. किलोचं घनमीटर कसं करायचं ते त्याने तिघांना विचारलं, तिघांनी तीन आकडे दिले, आणि त्याने तिन्ही लिहून त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हं काढली होती. पहिल्या टप्प्याचा दर, त्यावरचा दर, दोन महिन्यांनी बिल, डिपॉझिट. डावीकडे: बुकिंग, वाट बघणं, तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला वर पैसे. उजवीकडे खाली: कधी संपत नाही. हिलाल त्या तीन शब्दांपाशी थांबला. इतके दिवस ते वाचून त्याला बरं वाटलं होतं. आज त्याच्या मनात त्याच कागदावर दुसरीच तुलना सुरू झाली. सिलिंडरमध्ये चौदा किलो. कितीही गळला तरी चौदा किलो; हाताने हलवून सांगता येतं किती उरलाय. पाइपमधून येणारा मात्र येतच राहणार. दूध उतू गेलं, ज्योत विझली, म्हातारा पेपर वाचत बसला, आणि गॅस येतोय, येतोय, त्याला थांबायचं कारणच नाही. अगदी तळाशी, उजव्या रकान्यात, दोन शब्द होते: बाहेर कॉक. ते वाल्मिकचं अक्षर नव्हतं. शाईसुद्धा निराळी, जरा जांभळटाकडे झुकणारी. हिलालच्या डोळ्याने ते टिपलं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही.

दुपारभर त्याने शेगडी पेटवली नाही. कानूला सकाळची पोळी आणि गूळ दिला. दर थोड्या वेळाने तो विचारायचा, "कानू, कसाना वास ई ऱ्हायना?" आणि कानूला तो खेळ फार आवडला. ती डोळे मिटून नाक वर करायची. "मोगराना." "अजून?" "कुत्राना." "आनि?" "हत्तीना!" ती खिदळत होती. हत्तीचा वास खोटा, हे उघड होतं, पण मोगरा? मोगरा खरा होता का? उद्या ती गॅस म्हणेल आणि मी हसेन, किंवा ती मोगरा म्हणेल आणि तो गॅस असेल. दोनदा जयश्रीने दारातून डोकावून पाहिलं. एकदा विरजण मागितलं, एकदा नुसतंच "सगळं बरं शे ना, आबा?" म्हणाली. ती रोजच अशी डोकावते, हे त्याच्या लक्षात आलं. वर्षभर तो तिला मनातल्या मनात चौकस बाई म्हणत आला होता.

संध्याकाळी दोघं घरी आली. आठ वाजता पाइपलाइनवाला फॉर्म घेऊन येणार होता, आणि खोली हिलालच्या नावावर असल्यामुळे सही त्याची लागणार होती. वाल्मिकने कागद फ्रिजवरून काढून मांडीवर घेतला. "आबा, मी आखो हिशोब करी लिधा. फायदा थोडाच शे, पन बुकिंगनी कटकट मिटी." "पाइपना गॅसवर भाकर फुगत नही," हिलाल म्हणाला. दिवसभर विचार करून त्याला एवढंच सुचलं होतं. वाल्मिक हसला. धनश्री धुळ्यात शिकलेली, घरात ती एकटी पुस्तकी मराठी बोलायची, ती न हसता म्हणाली, "फुगते, आबा. जयश्रीताईंकडे मी स्वतः थापून पाहिलीय." "दर वाढावतीन," हिलाल म्हणाला. "सिलिंडरचाही वाढतो." "रस्ता खोदतीस आनि पाइप फुटना मंग?" "तेव्हा कंपनी बघेल." ती त्याचं एकेक दार बंद करत नेत होती आणि तिचा आवाज जरा कापत होता. दरात पाच-पन्नास रुपयांचा फरक, आणि ही पोरगी जिवावर उठल्यासारखी का भांडतेय ते वाल्मिकला कळेना. "अरे, दोन्ही शांत व्हा," तो म्हणाला, आणि फॉर्मला लागणारी आधारची झेरॉक्स काढायला खाली गेला. कानू त्याच्यामागून जिन्यापर्यंत गेली आणि जयश्रीच्या दारात रेंगाळली.

धनश्रीने दार लोटून घेतलं. "जयश्रीताईंचा फोन आला होता मला, सकाळी दहाला," ती म्हणाली. "काडीचंही सांगितलं त्यांनी." ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, अगदी जवळ. "मला गेल्या पावसाळ्यापासून माहीत आहे. कढी नासली होती. मी तोंडाजवळ नेली आणि ओकारी आली, आणि तुम्ही दोन वाट्या प्यायलात, वर म्हणालात, सुंदर झालीय. तेव्हापासून जयश्रीताईंना मीच सांगून ठेवलंय, अर्ध्या अर्ध्या तासाने डोकावत जा म्हणून. आज त्यांच्याकडे पाव्हणे होते, उशीर झाला." ती आता भरभर बोलत होती. "पाइपलाइनला कॉक बाहेर गॅलरीत असतो, आबा. मी जाताना तो बंद करून जाईन. सिलिंडरचं बटण तुमच्या हाताशी असतं, तुम्ही चालू करणारच. दूध, चहा मी थर्मासमध्ये भरून ठेवीन. फक्त यांना सांगू नका. हे कानूला तुमच्यापाशी ठेवणार नाहीत, मग मला काम सोडावं लागेल. सहा महिन्यांत मला मशीनवर बसवणार आहेत." म्हणजे ते जांभळट दोन शब्द हिचे होते. जी भीती तो दिवसभर एकटा घेऊन बसला होता ती हिने वर्षभर रोज सकाळी साडेआठला मागे ठेवून कारखाना गाठला होता. तिथे धागे कापताना हिच्या मनात काय चालत असेल? त्याला लाज वाटायला हवी होती. पण आधी पुन्हा भीतीच वाटली, कारण सगळं माहीत असूनही ही कानूला त्याच्यापाशी ठेवून जात होती. धनश्रीने हलकेच विचारलं, "थोडा तरी येतो ना, आबा? निदान जळकं कळतं ना?" तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला हो ऐकायचं आहे. जिन्यावर पावलं वाजली.

वाल्मिकच्या मागोमाग वर आलेला पाइपलाइनवाला धर्मेंद्र नावाचा हसतमुख तरुण होता. त्याने फॉर्म पसरला, खुणेच्या फुल्या मारल्या, "काका, अहीं सही, ने अहीं," म्हणाला. हिलालने पेन घेतलं. एवढ्यात कानू जयश्रीकडून धावत आली, मूठ घट्ट मिटलेली, आणि ती मूठ त्याच्या नाकासमोर धरून नाचू लागली. "आबा, वळखा! कसाना वास?" धर्मेंद्र हसला. वाल्मिकही हसला. "सांगा, आबा, आम्हना घरमा तुम्हनं नाक सर्वास्मा मोठं." हिलालने मुठीकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून काहीच दिसत नव्हतं, रंग नाही, कड नाही. त्याने नजर वर केली. वाल्मिकच्या पाठीमागे धनश्री उभी होती. तिच्यापर्यंत तो वास पोचला असावा. तिने वाल्मिककडे एकदा पाहिलं आणि मोठे मोठे ओठ हलवून, आवाज न करता, सांगितलं: लसूण.

भागीरथी सांगायची तसंच. हे हिने कधी पाहिलं, कधी उचललं? किती सोपं होतं. लसूण म्हणायचं, सगळे टाळ्या वाजवतील, सही करायची, उद्यापासून थर्मासमधला चहा. धनश्री बाहेर कॉक बंद करेल, आणि एखाद्या दिवशी बसच्या घाईत विसरेल. जयश्री डोकावेल, आणि एखाद्या दिवशी तिच्याकडे पाव्हणे असतील. भागीरथीने त्याला नऊ वर्षं असं झाकलं होतं, इतकं छान झाकलं होतं की तो स्वतःही विसरला होता, आणि म्हणूनच आज सकाळी तो काडी घेऊन उभा होता. आता ही झाकणार. त्याला एवढी भीती सकाळीही वाटली नव्हती. धनश्रीचे ओठ पुन्हा हलले, या वेळी जरा अधीरपणे. कानू मूठ त्याच्या नाकपुडीला टेकवून वाट पाहत होती.

"माले वास येत नही, माय," हिलाल म्हणाला. "कसानाच नही. अकरा वरीस व्हयनात."

कानूला ही नवी गंमत वाटली आणि तिने मूठ आणखी दाबली. धर्मेंद्र फुलीवर बोट ठेवून तसाच हसत होता, त्याला अहिराणी समजली नव्हती. धनश्रीने डोळे मिटून घेतले. हिलालने पेन फॉर्मवर आडवं ठेवलं. वाल्मिकच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश गेलं. त्याने बापाकडे पाहिलं, मग वळून बायकोकडे, मग ओट्याकडे, जिथे शेगडीच्या कडेला दुधाचा पिवळट डाग अजून घासायचा राहिला होता.

"मंग सकायले दूध कोन तपाडस?" त्याने विचारलं.

"आबा," कानू म्हणाली.